बंद अणुभट्टीची धास्ती

११ मार्च २०११ला भूकंप आणि त्सुनामीने जपानच्या फुकुशिमा दाइइची अणुवीज केंद्राची वीज गेली, तेव्हा चौथी अणुभट्टी तपासणीसाठी बंदच होती. तिच्यात इंधन नव्हतं. तरीही जगाची झोप उडवली ती तिनेच.

भट्टीतलं सगळं इंधन काढून इमारतीच्या वरच्या मजल्यावरच्या खोल हौदात ठेवलेलं होतं. नवं-जुनं धरून १५३५ जुडगे. वापरलेलं इंधन भट्टीबाहेर काढलं तरी लगेच थंड होत नाही. त्यातल्या किरणोत्सारी द्रव्यांचं विघटन चालूच राहतं आणि उष्णता निघत राहते. हौदातलं पाणी ती शोषतं, शिवाय किरणोत्सारही अडवतं. पंप थांबले की पाणी तापतं, उकळतं, पातळी उतरते. इंधन उघडं पडलं तर त्यावरचं झिर्कोनियमचं आवरण वाफेशी अभिक्रिया करून हायड्रोजन सोडतं, पेटूही शकतं. आणि हौदावर भट्टीसारखं पोलादी कवच नसतं, नुसतं छप्पर!

१५ मार्चला तेही स्फोटात उडालं. हौद आटला, असं अमेरिकेच्या अणुनियामक आयोगाच्या अध्यक्षांनी जाहीर सांगितलं. प्रत्यक्षात पाणी होतं. स्फोटाचा हायड्रोजन शेजारच्या तिसऱ्या भट्टीतून सामाईक नळातून आला होता. शिवाय भट्टीवरच्या, पाण्याने भरलेल्या खड्ड्यातलं पाणी दरवाजाच्या फटीतून हौदात झिरपलं. हे मात्र निव्वळ नशीब. पुढे बांधकामावर काँक्रीट चढवणाऱ्या लांब सोंडेच्या पंपाने कर्मचारी हौदात पाणी भरत राहिले.

त्याच आवारात कोरड्या पोलादी पिंपांतही जुनं इंधन होतं. त्सुनामीचं पाणी तिथे घुसलं, पिंपं शाबूत राहिली. त्यांना पंप लागत नाही, वीजही नाही.