एकच रिमोट, पण कोणता?

दुपारी घरची माणसे शेतावर असतात आणि आजी एकटीच घरी. टीव्हीचा रिमोट एक, सेट-टॉप बॉक्सचा दुसरा, स्पीकरचा तिसरा. चुकीचे बटण दाबले गेले की चित्र जाते. मग नातू शाळेतून येईपर्यंत आजी नुसती बसून राहते. अशा घरी सगळ्यांना मिळून एकच रिमोट असलेला बरा.

तो निवडावा कसा? रिमोट म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशाची उघडझाप. प्रत्येक कंपनीची खूण निराळी. म्हणून ‘शिकणारा’ रिमोट घ्यावा. जुना रिमोट त्याच्या समोर धरून एकेक बटण दाबले, की तो ती खूण उचलतो. बटणे थोडी, मोठी आणि बोटांना चाचपून कळतील अशी असावीत.

मात्र काही नवे रिमोट ब्लूटूथ लहरींवर चालतात; त्यांची खूण याला उचलता येत नाही. पारख सोपी आहे. भिंतीआड जाऊन बटण दाबा. तरीही टीव्हीने ऐकले, तर तो लहरींवरचा समजा.

जुने रिमोट टाकू नका; पुन्हा शिकवायला लागतील. आणि नवा रिमोट आधी आजीच्या हातात द्या. तिला कुणाला न विचारता चालवता आला, तरच निवड बरोबर!