सुईण, घर आणि प्रसूती

मूल जन्माला येणे ही शरीराची स्वाभाविक क्रिया आहे. तो रोग नव्हे. असे असूनही ह्या क्रियेत अल्पावधीत दोन जिवांना जो धोका उत्पन्न होऊ शकतो, तसा शरीराच्या अन्य स्वाभाविक क्रियांत क्वचितच आढळतो. ह्या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. जो केवळ पहिलीकडे पाहतो तो म्हणतो की, आजीपणजी घरीच बाळंत होत असत. जो केवळ दुसरीकडे पाहतो त्याला रुग्णालयाबाहेरची प्रत्येक प्रसूती अविचाराची वाटते. त्या आजीपणजींच्या पिढीत कित्येक स्त्रिया बाळंतपणातच दगावल्या, ह्याचा पहिल्यास विसर पडतो. निरोगी स्त्रीची प्रसूती बहुधा फारशा उपचारांवाचून सुखरूप पार पडते, ह्याचा दुसऱ्यास.

घरी, वेदनाशामक औषधांवाचून, सुईणीच्या देखरेखीखाली होणारी प्रसूती कोणत्या परिस्थितीत सुरक्षित ठरते, ह्याचा विचार करण्यास नेदरलंड्स ह्या देशाचे उदाहरण उपयोगी पडते. मराठीत हॉलंड ह्या नावाने परिचित असलेल्या ह्या लहानशा देशात आधुनिक वैद्यक पूर्ण विकसित झाल्यावरही घरची प्रसूती मागे पडली नाही. १९६५ च्या सुमारास तेथील सुमारे दोनतृतीयांश मुले घरीच जन्मत होती. पुढे हे प्रमाण घटत जाऊन अलीकडे शेकडा २० च्याही खाली आले आहे. तथापि ती व्यवस्था आजही चालू आहे.

एका विद्येची परंपरा

सतराव्या शतकाच्या अखेरीस फ्रीसलंड प्रांतात कातारिना श्राडर ही विधवा सुईणीचे काम करू लागली. १६९३ पासून १७४५ पर्यंत तिने केलेल्या तीन हजारांहून अधिक प्रसूतींची टिपणे तिच्या वहीत आढळतात. मूल पायाळू होते की आडवे, वार अडकली किंवा कसे, माता जगली की नाही, ह्यांची नोंद ती ठेवीत असे. निरीक्षण करावे, नोंद ठेवावी आणि पुढच्या प्रसंगी तिचा उपयोग करावा, ही शास्त्राचीच रीत होय.

१८६५ साली डच कायद्याने सुईणीचे अधिकारक्षेत्र निश्चित केले. स्वाभाविक प्रसूती स्वतंत्रपणे करण्याचा अधिकार तिला मिळाला; मात्र उपकरणे लावून करावयाची प्रसूती वैद्याकडे सोपविण्यात आली. ह्या मर्यादेमुळे सुईणीचे महत्त्व कमी झाले नाही. कोणती प्रसूती स्वाभाविक आहे आणि ती केव्हा तशी राहिली नाही, हे ओळखणे हेच तिच्या विद्येचे मर्म ठरले. आज हे शिक्षण चार वर्षांचे असते.

निवड

घरच्या प्रसूतीची सुरक्षितता प्रसूतीच्या कित्येक महिने आधीच ठरू लागते. गर्भारपणात सुईण स्त्रीची वारंवार तपासणी करते. रक्तदाब वाढला आहे काय, रक्तक्षय किंवा मधुमेह आहे काय, गर्भाची वाढ योग्य आहे काय, डोके खाली आहे काय, गर्भ एकच आहे की जुळे, पूर्वीचे बाळंतपण शस्त्रक्रियेने झाले होते काय, हे सर्व ती पाहते. ह्यांपैकी महत्त्वाचा दोष आढळल्यास त्या स्त्रीची प्रसूती रुग्णालयात करण्याचे ठरते. ३७ आठवडे पूर्ण होण्यापूर्वी किंवा ४२ आठवडे उलटल्यावर प्रसूती होणार असेल, तरीही घराचा विचार सोडून देण्यात येतो. ह्या निवडीसाठी वैद्य व सुईणी ह्यांना मान्य असलेली सूची वापरली जाते. घरच्यांच्या हौशीवर किंवा सुईणीच्या मर्जीवर ती सोपविलेली नसते.

घराचीही सिद्धता करावी लागते. सुईणीला वाकून काम करावे लागू नये म्हणून पलंगाच्या पायांखाली ठोकळे ठेवून तो उंच करतात. स्वच्छ कपडे, ऊब व पुरेसा उजेड ह्यांची तजवीज करतात. प्रसंग पडल्यास बाळंतिणीला रुग्णवाहिकेपर्यंत कसे नेता येईल, हेही आधीच पाहून ठेवतात.

वेणा आणि शरीर

प्रसूतीच्या प्रारंभी गर्भाशयाचे स्नायू ठरावीक अंतराने आकुंचन पावू लागतात. ह्यांनाच वेणा किंवा कळा म्हणतात. प्रत्येक कळेबरोबर गर्भाशयाचे मुख पातळ होत जाते आणि सुमारे दहा सेंटिमीटरपर्यंत उघडते. बाळाचे डोके ह्या मुखावर दाबले गेले की मज्जातंतूंवाटे मेंदूला संदेश पोहोचतो व मेंदूच्या तळाशी असलेली पोष ग्रंथी ऑक्सिटोसिन हा स्राव रक्तात सोडते. त्यामुळे कळा अधिक जोमदार होतात, डोके अधिक दाबले जाते, आणि स्राव आणखी वाढतो. त्याच वेळी शरीरात एन्डॉर्फिन नावाची द्रव्येही निर्माण होतात. त्यांनी वेदना काहीशा सुसह्य होतात.

भीतीने मात्र ह्या क्रमात विघ्न येऊ शकते. भयभीत शरीरात अ‍ॅड्रिनॅलीन वाढते व कळा मंदावण्याचा संभव असतो. म्हणून परिचित खोली, मंद प्रकाश आणि विश्वासाची स्त्री जवळ असणे ह्यांना केवळ सोयीचे नव्हे, तर शारीरिक महत्त्वही आहे. वेदनाशामक औषध न घेणारी स्त्री चालते, ओणवी होते, कोमट पाण्यात बसते, कंबर चोळून घेते. उभ्या किंवा बसत्या स्थितीत बाळाच्या वजनाचाही खाली सरकण्यास उपयोग होतो.

ह्या अवधीत सुईण फारसे काही करीत नाही, असे पाहणाऱ्यास वाटते. वस्तुतः ती अखंड लक्ष ठेवून असते. कळा जोर धरल्यावर ती सुमारे दर पंधरा मिनिटांनी, आणि माता जोर करू लागल्यावर दर पाच मिनिटांनी बाळाच्या हृदयाचे ठोके ऐकते. हे ठोके सामान्यतः मिनिटाला ११० ते १६० असतात. कळ ओसरल्यावरही ते मंदच राहिले, तर बाळाला प्राणवायू कमी पडत असल्याची शंका येते. पाणमोट फुटल्यावर गर्भजलाचा रंग कसा आहे, मातेची नाडी व रक्तदाब कसा आहे, हेही ती पाहते. वाट पाहणे आणि दुर्लक्ष करणे ह्यांत हाच भेद आहे.

'औषधावाचून' ह्याचा अर्थ

औषधावाचून प्रसूती म्हणजे भूल, वेदनाशामक औषधे आणि विनाकारण कळा वाढविणारी औषधे ह्यांवाचून प्रसूती. औषधे घरात नसावीत, असा तिचा अर्थ नव्हे. मूल जन्मल्यानंतर वार सुटून पडते आणि तिच्या जागी उघड्या राहिलेल्या रक्तवाहिन्या गर्भाशय आवळल्यामुळे बंद होतात. गर्भाशय शिथिल राहिले तर थोड्याच वेळात धोकादायक रक्तस्राव होतो. जगातील मातामृत्यूंचे हे एक प्रमुख कारण आहे. म्हणून सुईणीच्या पिशवीत ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन असलेच पाहिजे. मूल श्वास घेत नसेल तर त्याच्या फुप्फुसांत हवा भरण्यासाठी हवेचा फुगा व मुखवटा ही साधनेही जवळ लागतात. आणि मुख्य म्हणजे ती वापरण्याचा सराव असलेले हात लागतात.

सर्व ठीक असल्यास बाळाला पुसून, कोरडे करून मातेच्या उघड्या छातीवर ठेवतात व वरून पांघरूण घालतात. नाळ कापण्याची घाई करीत नाहीत. निदान एक मिनिट थांबल्याने वारेतील रक्त बाळाकडे जाण्यास अवसर मिळतो. पहिल्या तासातच बाळाला अंगावर घेतले जाते. पुढे सुमारे आठ दिवस प्रशिक्षित साहाय्यिका घरी येऊन बाळ-बाळंतिणीची काळजी घेते. भेटीस येणाऱ्यांना डच लोक ॲनीसच्या सुवासिक दाण्यांवर साखर चढवून, ते कडक पावावर पसरून देतात. बाळंतिणीला बाळंतशेपा देणाऱ्या मराठी वाचकास ही चाल परकी वाटू नये.

आकडे काय सांगतात

२००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका डच अभ्यासात कमी धोक्याच्या ५,२९,६८८ प्रसूतींची माहिती तपासण्यात आली. सुईणीच्या देखरेखीखाली घरी प्रसूतीचा बेत केलेल्या व रुग्णालयात बेत केलेल्या स्त्रियांच्या मुलांच्या मृत्यूंत लक्षणीय फरक आढळला नाही.

इंग्लंडमध्ये २०११ साली प्रसिद्ध झालेला, सुमारे ६४,५०० स्त्रियांचा अभ्यास अधिक सावध करणारा आहे. ज्यांना पूर्वी मूल झाले होते, त्यांच्या बाबतीत घर व रुग्णालय ह्यांत बाळाच्या दृष्टीने लक्षणीय फरक दिसला नाही. पहिलटकरणींची गोष्ट निराळी होती. घरी बेत केलेल्यांत दर हजारी ९.३ बाळांना मृत्यू किंवा गंभीर इजा ह्यांपैकी काही भोगावे लागले. वैद्यांच्या प्रसूतिकक्षात हेच प्रमाण ५.३ होते. शिवाय घरी बेत केलेल्या पहिलटकरणींपैकी शेकडा ४५ जणींना मध्येच, किंवा प्रसूतीनंतर लगेच, रुग्णालयात हलवावे लागले. पूर्वी बाळंत झालेल्यांत हे प्रमाण शेकडा १२ होते. दुसऱ्या बाजूस, घरी बेत केलेल्या एकूण स्त्रियांत पोट फाडून मूल काढण्याचे प्रमाण बरेच कमी होते.

हलविण्याची वेळ येणे म्हणजे सुईणीचे अपयश, असा समज चुकीचा आहे. प्रसूती अडते, ठोके मंदावतात, रक्त थांबत नाही, अशा वेळी जी सुईण आणखी तासभर वाट पाहते तीच अपयशी होय. परंतु तिने वेळेवर निर्णय घेतला तरी रुग्णवाहिका यावी लागते, रस्ता असावा लागतो, आणि रस्त्याच्या शेवटी शस्त्रक्रियागृह सिद्ध असावे लागते. हॉलंड हा दाट वस्तीचा, सपाट देश असल्याने तेथे रुग्णालय सहसा फार दूर नसते.

भारताच्या दृष्टीने

भारतात ह्या रस्त्याचाच अभाव दीर्घकाळ होता. १९९२-९३ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत केवळ सुमारे शेकडा २६ प्रसूती रुग्णालयांत व दवाखान्यांत झाल्याचे आढळले होते. उरलेल्या स्त्रिया घरी बाळंत झाल्या, त्या बहुतेक निवड करून नव्हे. त्यांना दुसरा मार्गच उपलब्ध नव्हता. दाईजवळ अनुभव असे, परंतु रक्तस्राव थांबविणारे औषध किंवा अडलेल्या बाळंतिणीला नेण्यास वाहन नसे. २००५ साली जननी सुरक्षा योजना सुरू झाली. २०१९-२१ च्या पाहणीत दवाखान्यातील प्रसूतींचे प्रमाण शेकडा ८९ च्या जवळ गेले. दर लाख जिवंत जन्मांमागे मातामृत्यू २००१-०३ मध्ये ३०१ होते, ते २०१८-२० मध्ये ९७ वर आले. ह्या घटीला अनेक कारणे असली, तरी कुशल हातांची व तातडीच्या उपचारांची प्राप्ती हे त्यांतील एक मोठे कारण होय.

ह्याचबरोबर दुसरा प्रश्न उभा राहिला. त्याच २०१९-२१ च्या पाहणीत शेकडा २१ हून अधिक प्रसूती शस्त्रक्रियेने झाल्याचे दिसले. जिथे शस्त्रक्रियेवाचून जीव वाचत नाही तिथे ती वरदान आहे. जिथे केवळ धीराने भागले असते तिथे ती अनावश्यक जखम आहे. म्हणून २०१८ साली भारत सरकारने परिचारिकांना सुईणीच्या विद्येचे खास शिक्षण देण्याची व रुग्णालयांतच त्यांच्या देखरेखीचे प्रसूतिकक्ष उभारण्याची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. कळा सोसणाऱ्या स्त्रीस चालू-फिरू द्यावे, सोबत द्यावी, उगाच घाई करू नये, ह्या गोष्टींना घराचाच उंबरठा लागतो असे नाही.

प्रसूती कोठे होते, ह्यापेक्षा प्रसूतीच्या वेळी जवळ कोण आहे, तिला काय येते आणि गरज पडताच मदत किती लवकर मिळते, हे प्रश्न अधिक महत्त्वाचे आहेत. ह्यांची समाधानकारक उत्तरे जिथे मिळतात तिथेच, निवड करून व सल्ला घेऊन, घराचा विचार करता येतो. जिथे ती मिळत नाहीत तिथे स्त्रीने घरीच बाळंत होणे ही निसर्गाची निवड नव्हे. ती समाजाची उणीव आहे.