शेवाळाचें दुसरें रूप

भाताच्या मुदीभोंवतीं गुंडाळावयाचे काळपट, कागदासारखे पापुद्रे जपानी लोक आवडीनें खातात. ही नोरी पोर्फिरा व तिच्या जवळच्या जातींच्या लाल शेवाळापासून तयार होते. किनाऱ्यावरील कोळी पूर्वीं उथळ पाण्यांत बांबू व फांद्या रोवीत आणि शेवाळ आपण होऊन रुजण्याची वाट पाहात. हिंवाळ्यांत भरघोस वाढणारीं पानें उन्हाळ्यांत पार नाहींशीं होत. पुढल्या वर्षाचें बीं येतें कोठून, हें कोणासच ठाऊक नव्हतें. एके वर्षीं पीक उदंड, तर दुसऱ्या वर्षीं हात रिकामे! म्हणून नोरीला ‘जुगाऱ्याचें गवत’ म्हणत. दुसऱ्या महायुद्धानंतर तर पीक इतकें बसलें कीं, कोळ्यांच्या पोटाचाच प्रश्न उभा राहिला.

कोडें उलगडलें तें दूर इंग्लंडांत. कॅथलीन ड्रू-बेकर या मँचेस्टर विद्यापीठांत अध्यापिका होत्या. विवाहित स्त्रियांस नोकरीवर न ठेवण्याच्या धोरणामुळें लग्नानंतर त्यांची जागा गेली. संशोधन मात्र त्यांनीं सोडलें नाहीं. पोर्फिराचीं बीजुकें शिंपल्याच्या कवचांत शिरून गुलाबी तंतूंच्या रूपानें वाढतात, असें त्यांना आढळलें. हे तंतु शास्त्रज्ञांस १८९२ पासून ठाऊक होते. पण ती निराळीच वनस्पति समजून तिला ‘कॉंकोसेलिस’ हें नांव दिलेलें होतें. दोन्ही एकच, हें १९४९ सालीं ‘नेचर’ नियतकालिकांतून प्रसिद्ध झालें.

हें जीवनचक्र असें चालतें. पानाच्या कडेस नर व मादी पेशी तयार होतात. लाल शेवाळाच्या नरपेशीस पोहण्याकरितां शेपूट नसतें. पाणी नेईल तिकडे ती जाते. मीलनानंतर फलित पेशीपासून अनेक बीजुकें होतात व शिंपल्यांत घर करतात. पानांत गुणसूत्रांचा एकच संच असतो, तर तंतूंत दोन. उन्हाळा शिंपल्यांत काढून, शरदांत पाणी थंडावूं लागलें कीं, तंतु नवीं बीजुकें सोडतात आणि त्यांपासून पुन्हां पानें उगवतात.

क्यूशू विद्यापीठांतील सोकिची सेगावा यांनीं हाच क्रम जपानी शेवाळांत पडताळून पाहिला. पुढें शिंपल्यांवर तंतु वाढवून त्यांचीं बीजुकें जाळ्यांवर रुजविण्याची पद्धति निघाली आणि नशिबाच्या जागीं शेती आली. ड्रू-बेकर १९५७ सालीं वारल्या. जपान त्यांनीं कधींच पाहिला नाहीं. परंतु १९६३ सालीं कुमामोतो प्रांतांतील उतो येथें त्यांचें स्मारक उभारण्यांत आलें, आणि दरवर्षीं १४ एप्रिलला नोरी पिकविणारे तेथें जमून त्यांचें कृतज्ञतेनें स्मरण करतात.