व्हीआर गेमिंग : कन्सोलवर आणि पीसीवर

व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी, अर्थात व्हीआर गेममध्ये दोन डोळ्यांसाठी दोन वेगळी चित्रे तयार करावी लागतात आणि मान वळली की तीही लगेच वळावी लागतात. मान वळणे आणि चित्र बदलणे यांत साधारण २० मिलिसेकंदांहून जास्त वेळ गेला, तर डोळे एक सांगतात आणि कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा दुसरेच सांगते. मग डोके गरगरते, मळमळू लागते. हेडसेटचा पडदा सेकंदाला ९० वेळा बदलत असेल, तर एकेका चित्रासाठी यंत्राच्या हाती जेमतेम ११ मिलिसेकंद उरतात. टीव्हीवरचा गेम अडखळला तर खेळणारा फार तर वैतागतो. हेडसेटमध्ये तसे वारंवार झाले, तर तो डोक्यावरून उतरवावाच लागतो. हा वेळ पाळण्याचे कन्सोलचे आणि पीसीचे मार्ग वेगळे आहेत आणि दोघांमधले बरेचसे फरक तिथूनच सुरू होतात.

२०१६ साली हे दोन्ही मार्ग एकदमच लोकांसमोर आले. मार्चअखेर ऑक्युलस रिफ्ट आणि एप्रिलमध्ये एचटीसी व्हाइव्ह हे पीसीचे हेडसेट विक्रीला आले. ऑक्टोबरमध्ये सोनीने प्लेस्टेशन ४ साठी प्लेस्टेशन व्हीआर आणला. अमेरिकेत रिफ्टची किंमत ५९९ डॉलर, व्हाइव्हची ७९९ आणि प्लेस्टेशन व्हीआरची ३९९ होती. रिफ्टसाठी जीटीएक्स ९७० हे ग्राफिक्स कार्ड असलेला पीसी सुचवला जात असे, आणि त्या कार्डाची गणनक्षमता प्लेस्टेशन ४ च्या सुमारे दुप्पट होती. म्हणजे सोनीला निम्म्या ताकदीत तेच काम करून घ्यायचे होते.

ते जमले, कारण प्रत्येक प्लेस्टेशन ४ आतून जवळपास सारखाच. गेम बनवणाऱ्याला एकाच यंत्राचा विचार करायचा असल्याने कुठली सावली काढून टाकावी, कुठला डोंगर साधा ठेवावा, हे आधीच ठरवता येते. शिवाय गेम सेकंदाला ६० चित्रे देत असला, तरी मधल्या वेळी आधीचेच चित्र मानेच्या ताज्या हालचालीनुसार सरकवून पडद्यावर १२० दाखवली जात. पडद्याची निवडही विचारपूर्वक केलेली होती. रिफ्ट आणि व्हाइव्हपेक्षा त्यात पिक्सेल कमी होते, पण प्रत्येक पिक्सेलमध्ये लाल, हिरवा, निळा असे तिन्ही उपबिंदू होते. त्यामुळे चित्रावरची बारीक जाळी कमी जाणवे. मर्यादेत राहून केलेले हे काम खरोखर कौतुकाचे आहे.

हातांच्या बाबतीत मात्र कन्सोल मागे पडला. टीव्हीजवळ ठेवलेला एकच कॅमेरा हेडसेटवरचे दिवे आणि २०१० पासून बाजारात असलेल्या मूव्ह कंट्रोलरचे चमकते गोळे पाहून जागा ओळखत असे. खेळणाऱ्याने पाठ फिरवली की हात शरीराआड जात आणि गेममधला हात भरकटे. व्हाइव्हमध्ये खोलीच्या समोरासमोरच्या कोपऱ्यांत दोन पेट्या बसवत. त्यांतून अदृश्य लेझर किरण खोलीभर फिरत, आणि हेडसेट व कंट्रोलरवरचे संवेदक ते टिपून स्वतःची जागा काढत. म्हणून खोलीत चालता येई, गोल फिरता येई, खाली वाकून टेबलाखाली पाहता येई.

या मोकळेपणाचा कस २०२० च्या ‘हाफ-लाइफ : अ‍ॅलिक्स’मध्ये दिसतो. वाल्व्हचा हा गेम पीसीसाठीच बनला. त्यात दूरच्या वस्तूकडे हात करून मनगटाला झटका दिला की ती उडत येते आणि हवेतच झेलावी लागते. सुरुवातीच्या गच्चीतल्या खोलीत मार्कर उचलून खिडकीच्या काचेवर लिहिता येते. याच्याशी कथेचा काही संबंध नाही, तरी हे हात आपलेच आहेत ही खात्री इथेच पटते.

कन्सोलकडेही स्वतःचे मोठे गेम होते. २०१७ चा ‘रेसिडेंट इव्हिल ७’ पहिल्यापासून शेवटपर्यंत प्लेस्टेशन व्हीआरमध्ये खेळता येई. पीसीवर मात्र हौशी लोकांनी फेरफार करून साध्या गेमनाही व्हीआरची जोड दिली. कन्सोलच्या बंद व्यवस्थेत हे शक्य नाही.

फेब्रुवारी २०२३ मध्ये प्लेस्टेशन ५ साठी प्लेस्टेशन व्हीआर २ आला आणि जुन्या उणिवा बऱ्याच भरून निघाल्या. चार कॅमेरे हेडसेटवरच आले, प्रत्येक डोळ्यासाठी २००० गुणिले २०४० पिक्सेलचा पडदा आला, जोडणीसाठी एकच वायर उरली. नजर कुठे आहे हे हेडसेट ओळखतो. तेवढाच भाग रेखीव काढून कडेचा भाग ढोबळ ठेवता येतो, आणि वाचलेली ताकद चित्राच्या दर्जासाठी वापरता येते. पण पहिल्या हेडसेटचे गेम त्यावर चालत नाहीत. ‘अ‍ॅस्ट्रो बॉट रेस्क्यू मिशन’सारख्या सुरेख गेमसाठी जुनाच हेडसेट जपून ठेवावा लागतो, आणि ग्राहकावर हा अन्यायच आहे. पीसीवर जुने गेम सहसा नव्या हेडसेटवर चालतात. तिथेही पूर्ण हमी नाही: मायक्रोसॉफ्टने विंडोज मिक्स्ड रिअ‍ॅलिटी या आपल्याच व्हीआर व्यवस्थेचा आधार विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीतून काढून टाकला आणि त्यावर चालणारे हेडसेट नव्या विंडोजवर निरुपयोगी ठरले.

आता या दोहोंमधली सीमा पुसट होत आहे. मेटा क्वेस्ट हेडसेट एकटाही चालतो आणि वायरने किंवा घरच्या वाय-फायने पीसीलाही जोडता येतो. ऑगस्ट २०२४ मध्ये सोनीनेही प्लेस्टेशन व्हीआर २ पीसीला जोडणारा अ‍ॅडॉप्टर आणला. त्यामुळे स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानातले व्हीआर गेम, ‘अ‍ॅलिक्स’सुद्धा, या हेडसेटवर खेळता येतात. त्यासाठी ग्राफिक्स कार्डावर डिस्प्लेपोर्ट १.४ लागतो आणि ती केबल वेगळी घ्यावी लागते. सोनीच्या अधिकृत जोडणीत पीसीवर नजरेचा माग, एचडीआर आणि हेडसेटची थरथर ही वैशिष्ट्ये मिळत नाहीत. ती प्लेस्टेशन ५ पुरतीच राहतात.