नकार कोणाला द्यावा?

आज गुड फ्रायडे. आमच्या नंदुरबार जिल्ह्यात नवापूर-चिंचपाडा भागातील मावची व भिल्ल ख्रिस्ती मंडळ्या आज येशूच्या वधस्तंभाचे स्मरण करतात. शिष्याने स्वतःला नाकारावे, ही येशूची अट या दिवशी विशेष आठवते. तापीकाठच्या प्रकाशे क्षेत्री कीर्तन करणाऱ्या आम्हांस त्याग हा शब्द परका नाही. तरी या अटीचा अर्थ नीट पाहण्याजोगा आहे.

उपवास म्हणजेच आत्मत्याग, अशी सर्वसाधारण समजूत असते. परंतु ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण आपल्याच घरातली. ताटातले पदार्थ सोडले, तरी ‘मी सोडले’ म्हणणारा मी जागच्या जागी राहतो. वस्तूचा त्याग सोपा; त्या ‘मी’चा त्याग कठीण.

मार्काच्या शुभवर्तमानातील मूळ ग्रीक शब्द येथे उपयोगी पडतो. स्वतःला नाकारण्यासाठी आठव्या अध्यायात जे क्रियापद आहे, तेच चौदाव्या अध्यायात पेत्राच्या नकाराविषयी येते. येशूला धरले त्या रात्री, वाड्याच्या अंगणात शेकत असलेल्या पेत्राला एका दासीने हटकले. त्या रात्री त्याने तीनदा गुरूची ओळख नाकारली. स्वतःला राखण्यासाठी त्याने गुरूला अनोळखी केले. शिष्याने याच्या नेमके उलट करावयाचे असते: गुरूची ओळख सांगावयाची, आणि मानपान मागणाऱ्या ‘मी’ला अनोळखी करावयाचे.

याचे मराठी उदाहरण म्हणजे पंडिता रमाबाई. अनंतशास्त्री डोंगरे यांची ही कन्या बालपणापासून संस्कृतात वाढली. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी तिला ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. १८८३ साली इंग्लंडमध्ये तिने बाप्तिस्मा घेतला. उतारवयात केडगावच्या मुक्ति मिशनमध्ये हिब्रू व ग्रीक शिकून तिने बायबल मराठीत आणले, आणि तेथे स्वतःचे संस्कृत प्रयत्नपूर्वक बाजूला ठेवले. अल्पशिक्षित बायकांनाही कळेल, अशी साधी बोली तिने निवडली. खिळे जुळविण्याचे व छपाईचे काम मुक्तीतल्या स्त्रियांनी केले. १९२१ साली एकुलती कन्या मनोरमा वारली, तरी काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी देह ठेवला. त्या भाषेत लालित्य नाही, असे पंडित म्हणतील. परंतु पंडिताने आपले पांडित्य नाकारणे, याहून मोठा उपवास आम्हांस ठाऊक नाही.

येथे एक सावधगिरी हवी. त्याग निराळा आणि वंचना निराळी. ज्याच्याजवळचे जगाने आधीच हिरावून घेतले, त्याला ‘स्वतःला नाकार’ असे सांगणे हा धर्म नव्हे. रमाबाईंनी विधवांना व दुष्काळात सापडलेल्या मुलींना आणखी वाकावयास शिकविले नाही. त्यांना अक्षर दिले, हाताला काम दिले, मान दिला. आपला मोठेपणा सोडून दुसऱ्याला उभे करणे, हे त्यांच्या नकाराचे फळ होते.

सातपुड्याच्या पायथ्याशी ज्यांच्या घरी मावची वा भिली बोलली जाते, त्यांना आमची मराठीच दूरची. मग संस्कृत किती दूर! म्हणून आजच्या दिवशी आम्हां शास्त्र सांगणाऱ्यांनी एवढे तरी पाहावे: आमच्या निरूपणातले किती शब्द श्रोत्यासाठी आहेत, आणि किती आमच्यासाठी?