आठ फुटांची फळी आणि बिस्किटांचा कारखाना

छोटे रूळ, मोठा देश : लेखांक ६

मागच्या लेखांकात आपण प्रमाण ठरवले. एचओ, म्हणजे खऱ्या वस्तूचा सत्त्याऐंशीवा भाग. दोन रुळांमधले अंतर साडेसोळा मिलिमीटर. आता कागद-पेन्सिल घेऊन आराखडा काढायचा. हौशी माणसाची रेल्वे बिघडते ती बहुधा इथेच, एकही खिळा ठोकण्याआधी. प्लायवूडची आठ बाय चारची शीट आणली जाते, तिच्यावर लंबगोल रूळ येतात, मग एक बोगदा, एक पूल, एक स्टेशन, कोपऱ्यात डोंगर. गाडी सुरू केली की पहिल्या पाच मिनिटांत ती स्वतःच्याच शेपटीमागे धावताना दिसू लागते. पोराला मजा येते, बापाला महिन्याभरात कंटाळा.

यात हौसेचा दोष नाही, गणिताचा आहे. एचओमध्ये एक मैल म्हणजे साडेसाठ फूट. अमेरिकेत शंभर वाघिणींची मालगाडी ही रोजची गोष्ट आहे, आणि पन्नास फुटी बंद वाघिणींची तशी एक गाडी नुसती उभी करायची तरी साठ फुटांहून लांब भिंत लागेल. वळणांचे तर विचारूच नका. अमेरिकेतले रेल्वे इंजिनिअर वळण अंशांत मोजतात. दहा अंशांचे वळण म्हणजे ५७३ फूट त्रिज्या, आणि मुख्य मार्गावर ते तीव्र समजले जाते. एचओमध्ये त्याचीच त्रिज्या साडेसहा फुटांवर जाते. म्हणजे पूर्ण फेरा घ्यायला तेरा फूट रुंद खोली हवी. खेळण्याच्या संचात मिळते ते अठरा इंच त्रिज्येचे वळण. खऱ्या मापात हिशेब केला तर ते पंचेचाळीस अंशांचे भरते. त्यावरून लांबलचक डबे वळू लागले की त्यांचे कोपरे रुळांबाहेर लोंबतात, आणि बाकी सगळे कितीही सुंदर रंगवलेले असो, डोळा फसत नाही.

अमेरिकेत घरांना तळघरे असतात. जॉन आर्मस्ट्राँग यांच्यासारख्या जुन्या जाणत्यांनी तिथे अख्खे विभाग वसवले. १९६३ साली आलेले त्यांचे आराखड्यांवरचे पुस्तक आजही या छंदात प्रमाण मानले जाते. न्यू जर्सीतल्या एखाद्या मराठी इंजिनिअरकडे असे तळघर असू शकेल. ठाण्याच्या दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये मात्र पुस्तकांच्या कपाटावरची एक भिंत मिळते, तीही घरातल्यांच्या परवानगीने. म्हणून आपण धरून चालू: आठ फूट लांब, दीड फूट रुंद फळी.

एवढ्या जागेत खंड ओलांडणारी रेल्वे बसवायची नाही. त्या रेल्वेचा शेवटचा अर्धा मैल बसवायचा.

अमेरिकेत आज पहिल्या श्रेणीच्या मोठ्या मालवाहू कंपन्या सहाच उरल्या आहेत. शेवटचे मोठे विलीनीकरण २०२३ मधले, कॅनेडियन पॅसिफिक आणि कॅन्सस सिटी सदर्न यांचे. पण त्यांच्या भोवती शेकडो छोट्या कंपन्या आहेत. १९८० च्या स्टॅगर्स कायद्याने रेल्वेवरची सरकारी बंधने सैल केली. न परवडणाऱ्या शाखा विकून टाकणे मोठ्या कंपन्यांना सोपे झाले आणि त्या छोट्यांनी चालवायला घेतल्या. अशा शाखेवर दोन माणसे, एक जुने इंजिन आणि चार-सहा वाघिणी एवढाच कारभार असतो. गावाच्या मागच्या अंगाने, गोदामांच्या पाठीला पाठ लावून, गवतातून जाणारा एकच रूळमार्ग. ही रेल्वे मुळातच लहान आणि सावकाश आहे, त्यामुळे तिला फळीवर आणताना फार खोटे बोलावे लागत नाही.

उद्योग कोणता निवडायचा? इथे नवशिके मोह आवरत नाहीत. आठ फुटांत लाकडाची वखार, तेलाचा डेपो, धान्याचे कोठार, बर्फाचा कारखाना, प्रत्येकाला एक वाघीण पुरेल एवढी सायडिंग. हे चुकीचेच. माल उतरवायच्या पाच वेगवेगळ्या जागा असलेला एकच मोठा कारखाना घ्यावा. बिस्किटांचा घ्या. त्याला मैदा लागतो, तो तळाशी नळ्या असलेल्या बंद हॉपर वाघिणीतून येतो. मक्याचा पाक टाकीच्या वाघिणीतून, खाद्यतेल दुसऱ्या टाकीच्या वाघिणीतून, आणि पुठ्ठ्याची खोकी बंद वाघिणीतून. चार प्रकारच्या वाघिणी, आणि प्रत्येकीची जागा ठरलेली, कारण मैद्याची नळी जिथे आहे तिथेच मैदा उतरणार. पाकाची वाघीण तिथे लावून चालणार नाही. इमारतीला खोलीही लागत नाही. फळीच्या मागच्या कडेला तीन-चार इंच जाडीची, पण पाच फूट लांब भिंत उभी केली की वाघिणी तिच्यापुढे खेळण्यासारख्या न दिसता बुटक्या दिसतात. खरोखरच्या कारखान्यापुढे त्या तशाच दिसतात.

आता रूळ. डाव्या टोकाला वरून जाणारा रस्त्याचा पूल. त्याच्याखालून मार्ग आत येतो. पुलापलीकडे, फळीच्या बाहेर, चार फुटांची सुटी पट्टी, खेळ संपला की काढून ठेवता येईल अशी. लुइझियानातले फ्रँक एलिसन १९४० च्या दशकात लघुरेल्वेला रंगभूमी म्हणत. त्या हिशेबाने ही आपली विंग. गाडी इथून प्रवेश करते आणि इथेच निघून जाते. पुलापासून फूटभर अंतरावर पहिला सांधा, त्याच्यापुढे लगेच दुसरा. दोनच सांधे, तीन रूळ, सगळे उजवीकडे जाऊन बंद होणारे. मागचा कारखान्याचा, मधला रिकामा, पुढचा गावातल्या किरकोळ मालासाठी. सांधे सहा नंबरचे घ्यावेत, म्हणजे सहा इंच पुढे गेल्यावर एक इंच बाजूला सरकणारे. चार नंबरने जागा वाचते, पण लांब वाघिणी त्याच्यावर अडखळतात. मुख्य मार्गावर असतो तसा वीस नंबरचा सांधा घ्यायचा म्हटला तर तो एकटाच दीड-दोन फूट खाईल.

ब्रिटनमधले अॅलन राइट यांचा ‘इंगलनूक’ ज्यांनी पाहिला आहे ते म्हणतील की हे तर तेच. बरोबर, दोन सांधे आणि तीन रूळ हा त्यांचाच साचा. त्यांनी त्यातून कोडे केले: आठ वाघिणी, त्यांतल्या पाच चिठ्ठ्या काढून ठरलेल्या क्रमाने जुळवायच्या. आपल्याकडे चिठ्ठ्या कारखाना काढतो.

एक दिवस घेऊन पाहू. कारखान्याच्या रुळावर पुलाच्या बाजूने मोजले तर पहिल्या जागेवर मैद्याची वाघीण, दुसरीवर पाकाची, तिसरीवर तेलाची, चौथी-पाचवीवर खोक्यांच्या दोन. तेलाची रिकामी झाली आहे. बाकीच्यांचा माल अजून उतरतो आहे. आपले इंजिन तेलाची भरलेली वाघीण पुढे ढकलत येते. वाघिणीच्या शिडीवर कंडक्टर उभा, कारण ढकलताना पुढचे इंजिनातून दिसत नाही. हातात बदल एकाच वाघिणीचा आहे. पण तिसऱ्या जागेपर्यंत जायचे तर पहिल्या दोघी वाटेत. कारखान्याचा माणूस मैद्याची आणि पाकाची नळी सोडवेपर्यंत थांबायचे. मग तिघी जोडून बाहेर ओढायच्या. रिकामी तेलाची पुढच्या रुळावर सोडायची. मैदा आणि पाक मधल्या रुळावर. आता भरलेली वाघीण एकटी इंजिनापाशी उरली, ती तिसऱ्या जागेवर नेऊन ठेवायची. परत येऊन मधल्या रुळावरच्या दोघी घ्यायच्या आणि पाकाच्या नळीखाली पाक, मैद्याच्या नळीवर मैदा, इंचाच्या अचूकतेने लावायच्या. शेवटी पुढच्या रुळावरची रिकामी उचलून पुलाखालून बाहेर. एका वाघिणीसाठी आणखी दोघी उठल्या आणि बसल्या. मधला रूळ रिकामा का ठेवला होता ते आता कळेल. जागा दिसते म्हणून तिथे कायमची वाघीण उभी करणाऱ्यांची रेल्वे दुसऱ्याच दिवशी अडकते.

हे सगळे किती वेळात? घाईने केले तर पाच मिनिटांत, आणि मग पुन्हा कंटाळा. खरा हिशेब असा: अशा रुळांवर ताशी दहा मैल म्हणजे चांगला वेग. एचओमध्ये तो सेकंदाला पाच सेंटिमीटर होतो, म्हणजे आठ फुटांची फळी पार करायला पाऊण मिनिटाहून थोडे जास्त. वाघिणीला वाघीण जोडताना ताशी चार मैलांच्या वर जायचे नसते. ते सेकंदाला दोन सेंटिमीटर. दर वेळी सांध्यापाशी थांबा, कंडक्टरला उतरू द्या, कुलूप काढू द्या, सांधा फिरवू द्या. सोडलेल्या वाघिणीचा हातब्रेक आवळायला वेळ द्या. खरा माणूस पन्नास फुटी वाघिणीच्या एका टोकाकडून दुसऱ्याकडे चालत जायला दहा-बारा सेकंद घेतो, तेवढे मनात मोजा. हीच एक वाघीण मग अर्धा-पाऊण तास पुरते. माझ्या मते लहान आराखड्यात सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित सामग्री ही आहे. लोक रुळांवर पैसे घालतात, वेळावर घालत नाहीत.

याच्या उलट टोकाला जॉन अॅलन यांचा ‘टाइमसेव्हर’. कॅलिफोर्नियातल्या माँटेरे इथली त्यांची ‘गोर अँड डॅफेटिड’ ही लघुरेल्वे या छंदातले एक शिखर होते. १९७३ च्या जानेवारीत ते गेले आणि काही दिवसांतच ती आगीत नष्ट झाली. टाइमसेव्हर हे त्यांचे पाच सांध्यांचे छोटे कोडे. त्यात प्रत्येक रूळ मुद्दाम अपुरा ठेवला आहे. स्पर्धेत धमाल येते. पण त्याचा आराखडा उचलून त्याच्याभोवती गाव रंगवणाऱ्यांना मी नेहमी विचारतो की हा रूळमार्ग बांधला कोणी? रेल्वे कंपनी माणसांना तासांवर पगार देते. चार खेपांत होणारे काम चौदा खेपांत व्हावे असे रूळ कोणतीही कंपनी स्वतःच्या पैशाने टाकणार नाही.

तरी वास्तवही कधीकधी खेळण्याहून चमत्कारिक असते. न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये हार्लेम नदीकाठी सेंट्रल रेलरोड ऑफ न्यू जर्सी या कंपनीचे एक टर्मिनस होते. कंपनीचे रूळ हडसनच्या पलीकडे न्यू जर्सीत. या जागेची बाकी कुठल्याच रुळाशी जोड नव्हती. वाघिणी तराफ्यांवर चढवून टगबोटीने आणायच्या. इवल्याशा जागेत मधोमध वाटोळी मालगोदामाची इमारत आणि तिला वळसा घालणारे रूळ, इतकी तीव्र वळणे की आराखडा दाखवला तर कोणीही हे खेळण्याचेच म्हणेल. शहरात वाफेच्या इंजिनांना बंदी घालणारा कायदा १९२३ साली झाला होता. १९२५ मध्ये तिथे एक हजार क्रमांकाचे तीनशे अश्वशक्तीचे डिझेल इंजिन आले: सांगाडा अल्कोचा, वीजयंत्रणा जनरल इलेक्ट्रिकची, डिझेल यंत्र इंगरसोल-रँडचे. व्यापारी दृष्ट्या यशस्वी ठरलेले ते पहिले डिझेल-इलेक्ट्रिक शंटिंग इंजिन. १९५७ पर्यंत ते तिथेच राबले आणि आज बाल्टिमोरच्या रेल्वे संग्रहालयात आहे. हीच अल्को कंपनी पुढे १९६२ पासून डब्ल्यूडीएम-२ च्या रूपाने भारतात आली. घोरपडीच्या शेडजवळ वाढलेल्यांच्या कानात तिचा ठोका अजून असेल. ब्राँक्सची ही जागा जशीच्या तशी करायची असेल तर जरूर करावी. पण तिच्याकडे बोट दाखवून आपल्या धान्याच्या कोठारापाशी अठरा इंची वळण खपवू नये.

दिसण्याबद्दल थोडक्यात. बाजारात सहज मिळणारा ‘कोड १००’ रूळ खऱ्या मापात पावणेनऊ इंच उंच होतो. एवढा जाड रूळ अमेरिकेतल्या सर्वांत वजनदार मार्गांवरही सापडत नाही. शाखेसाठी कोड ७० घ्या, तो सहा इंची भरतो. साल ठरवा आणि त्याला चिकटून राहा. १९६६ पासून नव्या बंद वाघिणींच्या छतावर चालायची फळी बसवणे बंद झाले; १९८० च्या दशकात गाडीच्या शेवटी असणारा कबूस हळूहळू गेला. म्हणजे एकाच गाडीत फळीवाली चाळीस फुटी वाघीण आणि २००० नंतरच्या रंगातले इंजिन जोडले की ते शोभत नाही. वाघिणीवरच्या अक्षरांकडेही पाहा. शेवटचे अक्षर एक्स असेल तर ती रेल्वे कंपनीची नसून खासगी मालकीची. आपल्या टाकीच्या वाघिणी बहुतेक सगळ्या एक्सवाल्या असायला हव्यात.

कोथरूडमधले भाऊ जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय १९९८ पासून लोकांसाठी खुले आहे, आणि मुलांना घेऊन एकदा तरी जावेच. तिथे गाड्या प्रेक्षकांसाठी धावतात, आणि तसेच असायला हवे. आपल्या फळीवर प्रेक्षक नाहीत, दोन माणसांची पाळी आहे. फळी निवडताना एक लक्षात ठेवा: किनाऱ्याकडच्या घरांत साधे प्लाय वापरू नका. पहिल्याच पावसाळ्यात ते वाकते आणि सांधे उघडत नाहीत. मरीन प्लाय, दोन्ही बाजूंनी रंग लावून.

आज तेलाची वाघीण रिकामी झाली हे ठरवले कोणी? आपणच. रोज आपणच ठरवत गेलो तर चार दिवसांत सोयीचे तेच ठरवू लागू. त्यावर अमेरिकी हौशी लोकांनी खऱ्या रेल्वेच्या मालपत्रांवरून कार्डांची एक पद्धत बसवली आहे. प्रत्येक वाघिणीला एक कार्ड आणि त्या कार्डाच्या खिशात चार प्रवासांची चिठ्ठी. पुढच्या आठवड्यात बिस्किटांच्या कारखान्यासाठी अशी बारा कार्डे भरू. तोवर फळीवर रूळ चिकटवू नका, कागदी पट्ट्या कापून वाघिणी हलवून पाहा.