सर्दी कोणाची, अ‍ॅलर्जी कोणाची?

वाशिम जिल्ह्यात सोयाबीनची मळणी सुरू झाली की हडंब्याभोवती कुटाराची धूळ उडते आणि बऱ्याच जणांच्या नाकाला धार लागते. सधन घरात तिला ‘डस्ट अ‍ॅलर्जी’ म्हणतात, अकोल्याला जाऊन तज्ज्ञांना दाखवतात. पोती उचलणारा मजूर म्हणतो, ‘सर्दी हाय, होईल बरी.’

हा भेद जुनाच. लंडनच्या डॉ. जॉन बोस्टॉक यांनी १८१९ मध्ये स्वतःच्याच या आजाराचे वर्णन केले. १८२८ मध्ये त्यांनी लिहिले, की दवाखान्यांत चौकशी करूनही गरिबांमध्ये एकही ठाम रुग्ण ऐकिवात आला नाही. आता शिंकांसाठी गरीब माणूस डॉक्टरकडे जातो थोडाच!

साधी सर्दी आठ-दहा दिवसांत जाते, कधी ताप येतो. अ‍ॅलर्जीत ताप नसतो. सलग शिंका, पाण्यासारखे नाक, डोळ्यांना खाज. धूळ किंवा गाजर गवताचे पराग आहेत तोवर ती हटत नाही. शरीर निरुपद्रवी कणांना शत्रू समजून हिस्टामिन सोडते. जंतूच नाहीत, म्हणून अँटिबायोटिकवर पैसे घालणे फुकट.

सेटिरिझिनची गोळी स्वस्त असते, पण डॉक्टरांना विचारूनच, आणि शक्यतो रात्री घ्यावी. जुन्या सीपीएमच्या गोळीने तर चांगलीच गुंगी येते. गुंगीत हडंब्यात पेंढी लोटणे म्हणजे काय, हे शेतकऱ्याच्या पोरांना सांगायला नको. अशा रुग्णांना दम्याचा धोकाही जास्त. छातीत घरघर होऊ लागली तर मजुरी एक दिवस बुडाली तरी चालेल, सरकारी दवाखाना गाठावाच.